दांतांतील चांदी आणि तिच्यांतील पारा

आजच्या भाषणाचा विषय तसा लहानच आहे. इतका लहान कीं तो दाढेच्या एका खळग्यांत मावतो. दाढ किडली म्हणजे आपण दंतवैद्याकडे जातों, तो कीड कोरून काढतो आणि राहिलेला खळगा कशानें तरी बुजवितो. घरीं आल्यावर कोणी विचारलेंच, तर "चांदी भरली" किंवा "सिमेंट भरलें" एवढेंच आपण सांगतों. घरांत फरशी बसवावयाची झाली तर आपण चार दुकानें हिंडतों, पोत्यावरील शिक्का वाचतों. परंतु जो पदार्थ पुढें दहा-वीस वर्षें रात्रंदिवस आपल्या तोंडांत राहावयाचा, त्याचें खरें नांवहि आपणांस ठाऊक नसतें.

अलीकडे या बेफिकिरीच्या जागीं एकदम भीति येऊन बसूं लागली आहे. "चांदींत पारा असतो" हें वाक्य कोठून तरी कानांवर पडतें, आणि तोंडांतील सारी चांदी एकदांची उपटून टाकावी अशी घाई कित्येकांस होते. बेफिकिरी आणि भीति या दोघी एकाच अज्ञानाच्या लेकी होत. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलेला व आतां निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. औषध सांगण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु प्रश्न फळ्यावर नीट मांडून दाखविणें हें माझें आयुष्यभराचें काम, आणि तेवढेंच मी आज करणार आहें.

प्रथम हा खळगा पडतो कसा तें पाहूं. दांताचें बाहेरचें कवच म्हणजे आपल्या शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ. तथापि आम्लापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. दांतांवर सांचणाऱ्या थरांतील सूक्ष्म जंतु आपण खाल्लेल्या साखरेवर पोसतात व आम्ल तयार करितात. त्या आम्लानें कवचांतील खनिज विरघळूं लागतें. आरंभींची झीज लाळेंतील खनिजांनीं भरून निघूं शकते; परंतु एकदां खरोखरीचें भोंक पडलें कीं तें आपोआप बुजत नाहीं. मोडलेलें हाड सांधतें, कापलेली कातडी भरून येते. दांताच्या कवचास मात्र ही विद्या अवगत नाहीं, कारण तें घडविणाऱ्या पेशी दांत वर येतां येतांच नाहींशा झालेल्या असतात. म्हणून तो खळगा बाहेरून बुजवावा लागतो.

बुजविण्याचा पदार्थ कसा असावा? भरतांना लोण्यासारखा मऊ व भरल्यावर दगडासारखा घट्ट. ओल्या जागीं टिकणारा. गरम चहानें फार न फुगणारा व थंड पाण्यानें फार न आकसणारा. दाढेच्या दाबाखालीं न फुटणारा. आणि शिवाय गरिबास परवडणारा. हा पदार्थ माणूस फार जुन्या काळापासून शोधीत आला आहे. स्लोव्हेनिया देशांत सांपडलेल्या सुमारें ६,५०० वर्षांपूर्वींच्या एका जबड्यांत चिरलेल्या सुळ्यावर मधमाशांचें मेण बसविलेलें आढळलें. पुढें युरोपांत सोन्याचा वर्ख ठोकून ठोकून खळगा भरीत. तो उपाय उत्तम, पण धनिकांच्या तोंडासाठीं. इतरांच्या नशिबीं दाढ उपटून घेणें एवढेंच असे.

या अडचणींतून पारा पुढें आला. पाऱ्याचा एक विलक्षण गुण आपल्या सोनारांस व रसवैद्यांस पूर्वापार माहीत आहे: तो इतर धातूंस आपल्यांत सामावून घेतो. चांदीचा कीस पाऱ्यांत खलला तर लोण्यासारखा गोळा होतो आणि थोड्याच वेळांत तो घट्ट बनतो. चीनमध्यें ६५९ सालच्या औषधिग्रंथांत अशा रुपेरी लेपाचा उल्लेख आहे. युरोपांत १८२६ च्या सुमारास पॅरिसच्या ओगुस्त तावो यानें चांदीच्या नाण्यांचा कीस व पारा यांचें मिश्रण दांतांत भरण्यास सुचविलें. १८३३ मध्यें क्रॉकूर नांवाच्या बंधूंनीं हेंच मिश्रण न्यूयॉर्कला नेलें व त्यास "राजमान्य खनिज पर्याय" अशा अर्थाचें भपकेदार नांव देऊन धंदा मांडला. कीड नीट न कोरतां वरून गोळा चेपून द्यावयाचा, ही त्यांची रीत. वेदना नाहीं आणि खर्च थोडा, मग गर्दी कां होणार नाहीं? पण थोड्याच दिवसांत लोकांचे दांत आंतून सडूं लागले व हे बंधु अमेरिका सोडून गेले.

याचा परिणाम असा झाला कीं तेथील प्रतिष्ठित दंतवैद्य या मिश्रणावर तुटून पडले. १८४० मध्यें स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेनें, आम्ही हें मिश्रण कदापि वापरणार नाहीं, अशी लेखी प्रतिज्ञा सभासदांकडून घेतली. पण सोनें न परवडणारे रोगी दारांत उभेच होते. प्रतिज्ञेवरून सभासदांत फूट पडली व १८५६ मध्यें ती संस्थाच मोडली. पुढें १८९५ च्या सुमारास शिकागोच्या ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक यांनीं चांदी, कथील व इतर धातूंचें प्रमाण पद्धतशीर प्रयोगांनीं ठरविलें. तेव्हांपासून हें फिलिंग न फुगतां, न आकसतां वर्षानुवर्षें टिकूं लागलें. त्यास इंग्रजींत अमाल्गम म्हणतात, व आपण "चांदी" म्हणतों.

श्रोतेहो, सारा घोटाळा या नांवांत आहे. या "चांदी"चें वजन केलें तर त्यांत सुमारें निम्मा भाग पाऱ्याचा असतो. चांदी, कथील, तांबें वगैरे मिळून उरलेला निम्मा. हें ऐकून कोणास धक्का बसला तर तें स्वाभाविक आहे. पण धक्का बसल्यावर लगेच निर्णय घ्यावयाचा नसतो. पुढचा प्रश्न विचारावयाचा असतो. तो प्रश्न असा, कीं हा पारा तेथें कोणत्या स्थितींत आहे, तो शरीरांत किती जातो, आणि कोणाच्या शरीरांत जातो?

एक जुनी गोष्ट सांगतों. शाळेच्या प्रयोगशाळेंत एकदां वायुभारमापक फुटला. जमिनीवर धांवणाऱ्या त्या चकचकीत गोळ्या पकडण्यास मुलें धांवलीं. मोठ्या माणसांना भीति वाटली ती कोणी एकादी गोळी गिळील याची. खरें पाहतां गिळलेला शुद्ध पारा आंतड्यांतून जवळ जवळ शोषला जात नाहीं. दहा हजार भागांत एक भागहि रक्तांत जात नाहीं. भय असतें तें त्याच्या न दिसणाऱ्या वाफेचें. श्वासावाटे फुप्फुसांत गेलेल्या वाफेपैकीं शेंकडा ८० भाग शरीरांत राहतो आणि मेंदू व मूत्रपिंड यांपर्यंत पोंचतो. म्हणजे एकाच पदार्थाचें एक रूप जवळ जवळ निरुपद्रवी, तर दुसरें घातक. आल्फ्रेड श्टॉक नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञास प्रयोगशाळेंतील पाऱ्याच्या वाफेनें वर्षानुवर्षें डोकेदुखी व स्मृतिभ्रंश यांनीं पछाडलें होतें. कारण उमगल्यावर त्यानें १९२६ मध्यें या वाफेविरुद्ध लेख लिहून अमाल्गमकडेहि बोट दाखविलें. तेव्हांपासूनच्या वादाचा शास्त्रीय भाग येथून सुरू होतो.

दाढेंतील पारा हा वायुभारमापकांतील मोकळ्या पाऱ्यासारखा नसतो. तो इतर धातूंशीं संयोग पावून बद्ध झालेला असतो. तथापि तो सर्वस्वी बद्ध नसतो, हेंहि तितकेंच खरें. चावतांना, दांत खाण्याची संवय असल्यास, व विशेषतः फिलिंग भरतांना आणि काढतांना त्यांतून थोडी वाफ सुटते. तिचें मान मायक्रोग्रॅममध्यें मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सात ते दहा फिलिंग असलेल्या माणसाच्या शरीरांत यामुळें दिवसास साधारण १ ते ५ मायक्रोग्रॅम पारा जातो, असा अमेरिकेच्या अन्न व औषधि प्रशासनाचा अंदाज आहे.

एवढ्या पाऱ्यानें अपाय होतो काय? येथें तर्क पुरत नाहीं, प्रयोग हवा. असे दोन मोठे प्रयोग २००६ मध्यें प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेंत ६ ते १० वर्षांच्या ५३४ मुलांवर, दुसरा पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथें ८ ते १० वर्षांच्या ५०७ मुलांवर. निम्म्या मुलांस अमाल्गम भरलें, निम्म्यांस पाऱ्याविना पदार्थ. आणि मग पहिल्या ठिकाणीं ५ वर्षें व दुसऱ्या ठिकाणीं ७ वर्षें त्यांची बुद्धि, स्मरण, अवधान इत्यादि तपासलें. अमाल्गम भरलेल्या मुलांच्या लघवींत पारा किंचित् अधिक निघाला. परंतु बुद्धि वा मज्जासंस्था यांच्या कसोट्यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

हा निकाल महत्त्वाचा आहे, पण त्याच्या सीमाहि ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. त्या प्रयोगांत सहा वर्षांखालील मूल नव्हतें, मूत्रपिंडाचा रोगी नव्हता, आणि गर्भांतील बालक तर नव्हतेंच. गणितांत ज्या संख्या दिल्याच नाहींत त्यांचें उत्तर काढतां येत नाहीं. म्हणून त्याच अमेरिकन प्रशासनानें सप्टेंबर २०२० मध्यें असा सल्ला दिला कीं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रिया, मुलें व त्यांतहि सहा वर्षांखालील, मज्जासंस्थेचे वा मूत्रपिंडाचे विकार असलेले, आणि ज्यांस पारा सोसत नाहीं असे लोक, यांस शक्यतों नवें अमाल्गम भरूं नये. त्याच सल्ल्यांत दुसरें वाक्यहि होतें, व तें फारसें कोणी सांगत नाहीं: जें फिलिंग सुस्थितींत आहे तें, वैद्यकीय कारण नसतां, केवळ भीतीनें काढूं नये, कारण काढतांनाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते.

आतां कोणी म्हणेल, "मग नॉर्वेनें २००८ मध्यें व स्वीडननें २००९ मध्यें हें फिलिंग बंद कां केलें? युरोपीय संघानें २०१८ मध्यें १५ वर्षांखालील मुलांस व गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस, आणि २०२५ च्या आरंभापासून, अगदीं वैद्यकीय निकड असल्याखेरीज, सर्वांसच तें कां वर्ज्य केलें?" प्रश्न योग्य आहे. त्याचें मुख्य उत्तर तोंडांत सांपडत नाहीं. तें नद्यांत व समुद्रांत सांपडतें.

जपानांत मिनामाता नांवाचें एक उपसागराकांठचें गांव आहे. तेथील एका रासायनिक कारखान्याचें पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षें त्या उपसागरांत जात होतें. तें विष माशांत सांठलें, आणि मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या हातापायांस कंप सुटला, दृष्टि अधू झाली, कित्येक बालकें जन्मतःच व्यंग घेऊन आलीं. १९५६ मध्यें हा रोग अधिकृतपणें नोंदला गेला. त्या रोगाचा दांतांतील फिलिंगशीं संबंध नव्हता. तें विष मिथिल-पारा या निराळ्या संयुगाचें होतें. पण धडा असा मिळाला, कीं जगांत सोडलेला पारा नाहींसा होत नाहीं. पाण्याच्या तळाशीं सूक्ष्म जंतु साध्या पाऱ्याचा मिथिल-पारा बनवितात व तो माशांवाटे ताटांत परत येतो. दवाखान्यांत कोरून काढलेल्या अमाल्गमचे कण मोरींतून गटारांत आणि गटारांतून नदींत जातात. शिवाय आपण शवास अग्नि देतों. तेव्हां दाढांतील पारा धुराबरोबर हवेंत मिसळतो. एका तोंडांतील गुंजभर पारा ही क्षुल्लक बाब. कोट्यवधि तोंडांतील पारा ही क्षुल्लक बाब नव्हे.

म्हणून २०१३ मध्यें मिनामाताच्याच नांवानें एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानें त्यास २०१८ मध्यें मान्यता दिली. २०२२ मध्यें बाली येथें भरलेल्या परिषदेंत, दुधाचे दांत, १५ वर्षांखालील मुलें, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठीं अमाल्गमचा उपयोग टाळावा असें ठरलें. व नोव्हेंबर २०२५ मध्यें जिनिव्हा येथें, २०३४ पर्यंत दांतांसाठीं त्याचा उपयोग जगभर थांबवावा, असा निर्णय झाला. म्हणजे ही "चांदी" आतां निरोप घेत आहे. पण लोकांचीं तोंडें विषारी झालीं म्हणून तिला घालविलेलें नाहीं. पृथ्वीवरील पारा वाढूं नये व कोंवळ्या जिवास उगीच धोका नको, म्हणून तिला रजा मिळत आहे. हा भेद ज्यानें ओळखला त्याची भीति निम्मी उतरेल.

तिच्या जागीं काय येतें? मुख्यतः दोन पदार्थ. पहिला दांताच्या रंगाचा, निळ्या प्रकाशानें घट्ट होणारा कॉम्पोझिट. म्हणजे रेझिनच्या चिकट रसांत कांचेसारखी बारीक भुकटी. अमेरिकेच्या राफाएल बोवेन यांनीं शोधलेल्या व १९६२ मध्यें पेटंट मिळालेल्या रेझिनवर तो मुख्यतः उभा आहे. दिसण्यांत सुरेख, व त्यासाठीं निरोगी दांत कमी कोरावा लागतो. परंतु तो भरण्यास कौशल्य, वेळ व अगदीं कोरडी जागा लागते. लाळेचा थेंब शिरला तरी चिकटण्यांत उणीव राहते. २०१४ मध्यें कॉक्रेन या संस्थेनें निरनिराळ्या प्रयोगांची छाननी केली, तेव्हां दाढांत कॉम्पोझिट निकामी होण्याचें प्रमाण अमाल्गमच्या जवळ जवळ दुप्पट दिसलें. कडेनें पुन्हां कीड लागणें हें त्याचें मोठें कारण. त्यांतून बिस्फेनॉल-ए नांवाचा पदार्थ प्रारंभीं अत्यल्प प्रमाणांत सुटूं शकतो, म्हणून भरल्यावर वरचा चिकट थर पुसून चूळ भरविणें इष्ट. दुसरा पदार्थ ग्लास आयोनोमर. आपण "सिमेंट" म्हणतों तें बहुधा हेंच. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेंत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनीं तें शोधलें व १९७२ च्या सुमारास तें वैद्यांच्या हातीं आलें. तें दांतास स्वतः चिकटतें व फ्लोराईड सोडतें. मुलांच्या दुधाच्या दांतांस तें सोयीचें. पण मोठ्या दाढेच्या दाबाखालीं तें लौकर झिजतें.

तेव्हां निर्दोष असा पदार्थ कोणताच नाहीं. प्रत्येकाची किंमत निराळ्या नाण्यांत द्यावी लागते. आणि फिलिंग बदलण्याची किंमत तर फारच निराळी. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं भीतीपोटीं पांच चांगल्या दाढांतील जुनी चांदी एका महिन्यांत काढविली. प्रत्येक वेळीं खळगा थोडा थोडा रुंदावला. एका दाढेची भिंत ढांसळली व तिचें रूट कॅनाल करावें लागलें. पाऱ्याच्या भयानें त्यांनीं जें गमावलें तें पाऱ्यानें कधींच नेलें नसतें.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली: तोंडांत जुनी चांदी शाबूत असेल, तर ती तशीच राहूं द्यावी, तडा गेला, कडेनें कीड लागली किंवा वैद्यानें स्पष्ट कारण दाखविलें, तरच बदलावी. गरोदर स्त्रीनें तर हें काम निकड नसल्यास प्रसूतीनंतर व अंगावर पाजणें संपल्यावर करावें. दुसरी: काढणें अटळ असेल तर वैद्य पाण्याचा भरपूर फवारा, जोरदार शोषणनळी व दांताभोंवतीं रबराचा पडदा वापरतात कीं नाहीं, आणि फिलिंगचा चुरा न करतां तुकडे करून काढतात कीं नाहीं, हें अदबीनें विचारावें. काढलेला गाळ निराळा जमविणारीं यंत्रें आहेत. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें त्यांनीं निदान शेंकडा ९५ कण अडविले पाहिजेत. तिसरी: नवें फिलिंग भरतांना पदार्थाचें नांव विचारून तें वहींत तारखेसह टिपून ठेवावें. लसीकरणाची नोंद आपण ठेवतोंच. ही नोंदहि तशीच उपयोगी. चौथी: मुलांस चांदी भरूं नये, पण "पारा नको" म्हणून कीडच तशी ठेवणें हा त्याहून मोठा अपराध. दुधाचा दांत पडणारच, असें म्हणून त्याची हेळसांड केली तर पू होतो, मूल जेवत नाहीं, झोंपत नाहीं, व त्याचें शिकण्याकडे लक्ष लागत नाहीं. वर्गांत गालावर हात धरून बसलेलीं अशीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

आणि या सर्वांच्या वर एक गोष्ट. सर्वांत सुरक्षित फिलिंग कोणतें, असें मला कोणी विचारलें तर मी म्हणेन, जें भरावेंच लागलें नाहीं तें. रात्रीं दांत घांसल्यावर गोड खाऊं नये. बाळास दुधाची वा साखरपाण्याची बाटली तोंडांत देऊन निजवूं नये. सकाळीं व रात्रीं फ्लोराईडयुक्त पेस्टनें दांत घांसावे, लहान मुलांस ती वाटाण्याएवढी व अगदीं लहानग्यांस तांदळाच्या दाण्याएवढीच द्यावी. आपल्याकडील मिश्री मात्र दांतांची मित्र नव्हे. ती जाळलेली तंबाखू आहे, आणि हिरड्यांचा व तोंडाचा नाश करते. फ्लोराईडचें उदाहरणहि बोलकें आहे. पेस्टमधील थोडें फ्लोराईड कवच बळकट करतें. आणि यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या विहिरींत तेंच अति झाल्यानें दांतांवर डाग पडतात व हाडें वांकतात. पदार्थ एकच, मान बदललें कीं गुण बदलला.

श्रोतेहो, "हें सुरक्षित आहे काय?" हा प्रश्न आपण फार वेळां अर्धवटच विचारतों. तो पुरा करावयाचा तर तीन शब्द जोडले पाहिजेत: कोणाला, किती, आणि कशाच्या ऐवजीं. साठीच्या माणसाच्या दाढेंतील जुन्या चांदीस एक उत्तर आहे, गरोदर लेकीस दुसरें, व नातवंडास तिसरें. आणि नदीला चौथें. पुढच्या खेपेस दंतवैद्याच्या खुर्चीवर बसाल तेव्हां तोंड उघडण्यापूर्वीं हे तीन शब्द उच्चारा. चांगला वैद्य त्यानें रागावणार नाहीं. तो अधिक काळजीनें काम करील.